उत्तर जुळत नाही: डिफरन्शियल इक्वेशन्सच्या एका पाठ्यपुस्तकाबद्दल विद्यार्थी काय म्हणाले

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं, जिल्ह्याच्या गावचं एक स्वायत्त महाविद्यालय. गणित विभागात कायम शिक्षक मोजके, बाकीचे तासिका तत्त्वावर. एस. वाय. बी.एस्सी.ला डिफरन्शियल इक्वेशन्सचा, म्हणजे एखादी राशी आणि तिच्या बदलाचा दर यांना जोडणाऱ्या समीकरणांचा, पेपर आहे. स्वायत्तता मिळाल्यावर अभ्यास मंडळाने अभ्यासक्रम नव्याने बांधला. त्याच बैठकीत, वर्षानुवर्षं चालत आलेलं देशी पुस्तक 'संदर्भ' यादीत ढकललं गेलं आणि एक नावाजलेलं अमेरिकन पुस्तक पाठ्यपुस्तक म्हणून लागलं. इथे त्यांना 'देशी' आणि 'जाड' एवढीच नावं पुरेत.

जाड पुस्तक लावण्यामागे विचार होता. देशी पुस्तकात प्रत्येक समीकरण सुटतं. पद्धत एक, पद्धत दोन, सोडवलेली चाळीस उदाहरणं, खाली सरावाला आणखी चाळीस. असं पुस्तक संपवून बाहेर पडलेल्या मुलाला वाटतं की समीकरण दिसलं की त्याची जात ओळखायची आणि सूत्र लावायचं, एवढाच हा विषय. वाय′ = एक्स² + वाय² (वाय′ म्हणजे वाय च्या बदलाचा दर) हे दिसायला किती साधं समीकरण आहे! पण नेहमीच्या फलनांनी आणि इंटिग्रेशनने त्याचं उत्तर लिहिताच येत नाही, हे लिऊव्हिलने १८४१ मध्येच दाखवून दिलं. ही गोष्ट पदवीपर्यंत मुलाच्या कानावर पडू नये, हे अभ्यास मंडळातल्या काहींना खटकत होतं. जाड पुस्तकात डायरेक्शन फील्ड, म्हणजे जागोजागी उत्तराचा उतार दाखवणाऱ्या छोट्या रेघांची आकृती, आहे, उत्तर आहे का आणि एकच आहे का याची चर्चा आहे, लोकसंख्येपासून स्प्रिंगपर्यंतची उदाहरणं आहेत.

वर्गातली बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीत शिकलेली. अकरावीपासून सगळं इंग्रजीत. त्यांना इंग्रजीतलं गणित वाचता येतं. इंग्रजीतला परिच्छेद मात्र दर वेळी वाचता येतोच असं नाही, आणि जाड पुस्तक परिच्छेदांनी भरलेलं आहे.

मी याच विभागात शिकवतो. हा पेपर माझ्याकडे नव्हता, म्हणूनच मुलांची मतं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

अडचण कुठे सुरू झाली

नवं पुस्तक लागल्याच्या दुसऱ्या वर्षी सत्र संपताना मुलांचं एक शिष्टमंडळ विभागप्रमुख मॅडमकडे आलं. "मॅडम, पुस्तक बदला. त्यात उत्तरं चुकीची आहेत." आरोप साधा नव्हता. पुस्तक अवघड आहे ही तक्रार कुठल्याही वर्षी येते, आणि ती ऐकून घ्यायची सवय असते. उत्तरंच चुकीची म्हटल्यावर मॅडमना काहीतरी करणं भाग होतं.

त्यांनी आधी नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी दर सत्रात भरून घेतात ते अभिप्रायाचे फॉर्म काढले. 'विहित पाठ्यपुस्तक उपयुक्त वाटले का?' या प्रश्नाला एक ते पाच गुण द्यायचे असतात. सरासरी मधोमध. म्हणजे पुस्तक चांगलंही नाही, वाईटही नाही, आणि फाइल पूर्ण. खुल्या जागेत बहुतेकांनी 'गुड' लिहिलेलं, काहींनी 'टफ', एकाने 'सर खूप छान शिकवतात'. प्रश्न पुस्तकाबद्दल होता.

निर्णयाची पहिली जागा ही होती: याच आकड्यावर बैठक घ्यायची, की पुन्हा विचारायचं? ज्येष्ठ सरांचं मत होतं की पुन्हा विचारून तेच कळेल. मॅडमनी पुन्हा विचारायचं ठरवलं, पण प्रश्न बदलून. कोऱ्या कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या: कुठल्या पानावर अडलात, अडल्यावर काय केलंत, आणि त्याऐवजी काय वापरलंत. नाव लिहायचं नाही. कागद संख्याशास्त्र विभागातल्या मॅडम गोळा करतील, या पेपरचे सर त्या वेळी वर्गात नसतील.

पान क्रमांक विचारल्याने फार फरक पडला. 'पुस्तक कसं वाटलं' याला मूल अदबीने उत्तर देतं. 'कुठल्या पानावर' म्हटल्यावर ते पुस्तक उघडतं, किंवा आपण ते कधी उघडलंच नाही हे त्याच्या लक्षात येतं. बरेच कागद 'पान नाही, यूट्यूब बघितलं' असे आले. ग्रंथालयातल्या प्रतीही पाहून आलो. पहिल्या दोन प्रकरणांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या, त्यापुढचा सगळा गठ्ठा पांढराशुभ्र. शेवटची उत्तरांची पानं मात्र पुन्हा मळलेली.

कागदांत काय निघालं

मी कागदांचे गठ्ठे 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' असे न लावता पानांनुसार लावले. त्यामुळे एकाच पानाबद्दलची उलटसुलट मतं शेजारी आली, आणि तक्रारीचा रंग बदलला.

'उत्तर चुकीचं' म्हणून सर्वांत जास्त बदनाम झालेलं गणित स्प्रिंगचं होतं. आठ पौंड वजनाने स्प्रिंग दोन फूट ताणली जाते, तर तिच्या आंदोलनाचं समीकरण मांडा. मुलांनी स्प्रिंगचा स्थिरांक बरोबर काढला: आठ भागिले दोन, चार. मग वस्तुमानाच्या जागी आठ घातले. खरं तर आठ हे वजन आहे, म्हणजे बल. फूट-पौंडाच्या हिशोबात वस्तुमान काढायला त्याला बत्तीसने भागावं लागतं, म्हणजे पाव. बरोबर मांडलं तर एक्स″ + १६ एक्स = ०, आणि एक आंदोलन साधारण दीड सेकंदात. मुलांच्या मांडणीत ते एक्स″ + अर्धा एक्स = ० होतं आणि एका आंदोलनाला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. पुस्तकाच्या मागे कोसाइन चार टी, यांच्या वहीत कोसाइन शून्य पूर्णांक सात टी. चूक पुस्तकाची! किलो आणि मीटरवर वाढलेल्या मुलांना पौंड हे बलाचं एकक असू शकतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुस्तकाने सांगितलं होतं, पण प्रकरणाच्या सुरुवातीला एका परिच्छेदात.

दुसरं बदनाम गणित जास्त मजेचं निघालं. वाय′ = वाय (१ − वाय). मुलं चल वेगळे करून इंटिग्रेशन करतात आणि थांबतात तिथे उत्तर असतं: वाय भागिले (१ − वाय) बरोबर सी गुणिले ई चा एक्सवा घात. पुस्तकात उत्तर आहे: वाय बरोबर एक भागिले (१ अधिक सी गुणिले ई चा उणे एक्सवा घात). दोन्ही एकच आहेत, फक्त एकातला सी म्हणजे दुसऱ्यातल्या सी चा व्यस्त. पण 'चुकीचं' म्हणणारी मुलं अगदीच चुकली नव्हती. पहिल्या रूपात सी शून्य घेतला की वाय = ० हे उत्तर मिळतं, पण वाय = १ काही केल्या मिळत नाही. पुस्तकातल्या रूपात बरोबर उलटं: वाय = १ मिळतं, वाय = ० हरवतं. भागाकार करताना जे शून्य नाही असं गृहीत धरलं, तेच गळालं. या एका न जुळणाऱ्या उत्तरात अख्ख्या तासाचा ऐवज होता, आणि वर्गात तो कुणी उघडला नव्हता.

तिसरा गठ्ठा परीक्षेचा. 'या पुस्तकात सी.एफ., पी.आय. नाहीच.' सी.एफ. म्हणजे कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, पी.आय. म्हणजे पर्टिक्युलर इंटिग्रल, उत्तराचे दोन भाग. हे खरं होतं. आपल्याकडे स्थिर सहगुणकांची समीकरणं डी-ऑपरेटरने (डी म्हणजे डेरिव्हेटिव्ह घेण्याची क्रिया) सोडवतात: ई चा ए एक्सवा घात असेल तर एफ ऑफ डी मध्ये डी च्या जागी ए टाका, शून्य आलं तर एक्सने गुणून खालच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या. डी ला संख्येसारखं वागवण्याची ही रीत जॉर्ज बूलच्या १८५९ च्या ग्रंथात सविस्तर आहे. ब्रिटिश वळणाच्या अभ्यासक्रमांतून ती आपल्याकडे आली आणि मुरली. जाड पुस्तक त्याऐवजी अज्ञात सहगुणक धरून ते काढायला शिकवतं. पेपर मात्र अजून जुन्याच साच्यात निघत होता: 'फाइंड द पी.आय.' पुस्तक बदललं होतं, पेपर काढणारे हात बदलले नव्हते. मुलांनी हे शिक्षकांच्या आधी ओळखलं.

मिठाच्या टाकीबद्दलही बरेच कागद होते. टाकीत मिठाचं पाणी, एकीकडून गोडं पाणी येतं, दुसरीकडून मिश्रण जातं, दहा मिनिटांनी मीठ किती? एकाने लिहिलं होतं, 'टाकीत मीठ का टाकतात तेच कळलं नाही.' दुसऱ्याच कागदावर याच पानाबद्दल: 'आमच्या ठिबकच्या खताच्या टाकीसारखं आहे. आवडलं.' हा द्राक्षबागायतदाराचा मुलगा असणार. ठिबकच्या बायपास टाकीत विद्राव्य खत पूर्ण विरघळवून वाल्व उघडला की हेच समीकरण चालतं. साठ लिटरची टाकी आणि मिनिटाला सहा लिटर प्रवाह धरला, तर दहा मिनिटांनी सुमारे सदतीस टक्के खत टाकीत उरतं आणि चाळीस मिनिटांनी दोन टक्क्यांच्या आत येतं. सुरुवातीला खत दाट जातं आणि मग पातळ होत जातं हे बागायतदाराला अनुभवाने ठाऊक असतं; म्हणून तर एकसारखं खत हवं असणारे व्हेंच्युरीकडे (पाण्याच्या प्रवाहाने खत ओढून घेणाऱ्या नळीकडे) किंवा पंपाकडे वळतात. एकाच पानावर एक मूल अडलं आणि दुसरं खूश झालं. यात पुस्तकाचे गुण किती आणि घरच्या टाकीचे किती?

मनापासून कौतुक करणारे कागदही होते. थोडेच, पण नेमके. ते बहुतेक जॅमची, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्यांचे असावेत, कारण त्यांच्यात 'उत्तर एकच आहे का' या प्रकरणाची पानं होती. वाय′ बरोबर तीन गुणिले वाय चा दोन-तृतीयांश घात, शून्यावर वाय शून्य; याला वाय = ० हेही उत्तर आणि वाय = एक्स³ हेही. एकीने लिहिलं होतं, 'हे वाचून झोप उडाली.' देशी पुस्तकात हे नाही.

पर्याय कोणते होते

बैठकीत पहिला पर्याय अर्थातच देशी पुस्तक परत आणण्याचा होता. ज्येष्ठ सर त्याच्या बाजूने होते आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता: जे पुस्तक मुलं उघडतच नाहीत, ते कितीही चांगलं असून काय उपयोग? देशी पुस्तक स्वस्त आहे, मुलं ते विकत घेतात, रात्री एकटं बसून त्यातून उदाहरणं सोडवतात. हे शेवटचं माझ्या मते फार मोठं आहे.

दुसरा पर्याय काहीच न बदलण्याचा. नव्याने रुजू झालेल्या सरांचं म्हणणं, मुलांना सवय नाही, दोन-तीन वर्षांत लागेल. तिसरा, इंटरनेटवर मोफत आणि कायदेशीरपणे मिळणारं एखादं पुस्तक लावण्याचा. किमतीचा प्रश्न त्याने सुटला असता, भाषेचा आणि पेपरचा नाही. तो लवकर बाजूला पडला.

चौथा पर्याय तासिका तत्त्वावरच्या मॅडमनी मांडला, आणि तो मांडायला त्यांनाच सर्वांत जास्त धाडस लागलं असेल. पुस्तक राहू द्या, पण पेपर बदला, आणि मुलं जिथे अडतात त्या पानांपुरती एक सोबतपुस्तिका काढा.

चर्चेत एक गंमत झाली. अमेरिकन गणितज्ञ जियान-कार्लो रोटा यांनी १९९७ मध्ये एका व्याख्यानात हा विषय शिकवण्याबद्दलचे दहा धडे मांडले होते. त्यांनी स्वतः गॅरेट बर्कहॉफ यांच्यासोबत याच विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलेलं, त्यामुळे ती टीका घरातलीच होती. युक्त्या नकोत, संकल्पना शिकवा, हा त्यातला एक धडा. तो नव्या सरांनी वाचून दाखवला. ज्येष्ठ सरांनी त्यातलेच दुसरे धडे वाचले: शाब्दिक उदाहरणं टाळा, आणि उत्तराच्या अस्तित्वाची व एकमेवतेची चर्चा सोडून द्या. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी जाड पुस्तक लावलं, त्याच. दोन्ही बाजूंना हवं ते मिळालं आणि चहा आला.

काय ठरलं आणि काय केलं

चौथा पर्याय ठरला. पुस्तिकेत चार भाग ठेवले: पौंड-फुटांचा हिशोब, 'उत्तर जुळत नसेल तर' या नावाचा भाग, सी.एफ.-पी.आय.ची भाषा आणि जाड पुस्तकाची भाषा यांची सांगड, आणि पुस्तकातल्या काही सोडलेल्या पायऱ्या भरून सोडवलेली उदाहरणं. स्पष्टीकरण मराठीत, संज्ञा इंग्रजीत, जसं वर्गात बोलतात तसं. मिठाच्या टाकीशेजारी खताची टाकी आली. तपासताना एका उत्तरात छपाईत गळालेलं उणे चिन्हही सापडलं. म्हणजे मुलांच्या आरोपात तेवढं तथ्य निघालं, आणि ते त्यांना वर्गात सांगितलं.

पेपरमध्ये एक प्रश्न नव्या धर्तीचा घातला. वाय′ = वाय (१ − वाय) चं डायरेक्शन फील्ड काढा, आणि समीकरण न सोडवता सांगा: शून्य पूर्णांक दोनपासून निघालेलं उत्तर शेवटी कुठे जाईल? उत्तर 'एककडे'. दोन ओळी आणि एक आकृती.

परिणाम

पुस्तिका कल्पनेपलीकडे चालली, आणि घोटाळा तिथेच झाला. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याने ती स्पायरल करून काउंटरवर ठेवली. "फक्त हीच घ्या, पुस्तक लागत नाही," असं तो स्वतःच सांगायचा म्हणे. पुस्तक वाचता यावं म्हणून काढलेल्या पुस्तिकेने पुस्तकाचीच गरज संपवली. सोडवलेल्या उदाहरणांचा भाग तिला नडला. विभागाने स्वतःच्या हाताने एक छोटं देशी पुस्तक तयार केलं होतं.

पुढच्या सत्रात तो भाग काढला. त्याऐवजी 'पान अमुक, तिसरी ओळ ते चौथी ओळ: मधली पायरी तुम्ही भरा' अशा सूचना आल्या. आता पुस्तिका एकटी वाचून अर्थ लागत नाही. काउंटरवरची मागणी उतरली, ग्रंथालयातली जाडी पुस्तकं बाहेर जाऊ लागली. मुलांनी याबद्दल नाराजी लिहून कळवली, पान क्रमांकासह.

पेपरमधला नवा प्रश्न पहिल्या वर्षी जवळजवळ सगळ्यांनी सोडला. 'कोणतेही तीन सोडवा' असं वर छापलेलं, मग ओळखीचे तीन सोडून आकृती कोण काढणार? दुसऱ्या वर्षी तो सक्तीचा केला. तेव्हा मुलांनी काढला, आणि बऱ्याच जणांनी बरा काढला. गंमत म्हणजे काहींनी आधी समीकरण सोडवलं, मग उत्तरावरून आकृती काढली, आणि वर लिहिलं: 'विदाउट सॉल्व्हिंग'.

नॅकच्या फॉर्मवरचा आकडा? तो होता तिथेच आहे, मधोमध. कोऱ्या कागदांवरचा मजकूर मात्र बदलला. 'उत्तर चुकीचं' जवळपास नाहीसं झालं. 'इंग्रजी' राहिलं. 'सी.एफ. नाही' च्या जागी 'दोन्ही पद्धती का शिकायच्या' आलं, आणि या प्रश्नावर विभागातही अजून एकमत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. पुस्तक लावायच्या बैठकीतच पेपरचा एक नमुना काढला असता, तर नवं पुस्तक आणि जुना पेपर यांची विजोड जोडी त्या दिवशीच दिसली असती. अभ्यास मंडळात पुस्तकाची चर्चा तासभर झाली आणि पेपरचा साचा 'पूर्ववत' या एका शब्दात संपला.

न जुळणारं उत्तर पुस्तिकेत टाकण्याआधी वर्गात आणायला हवं होतं. वाय = ० आणि वाय = १ हरवण्याची गोष्ट मुलांनी छापील वाचली. फळ्यावर दोन उत्तरं शेजारी मांडून, 'यातलं चूक कुठलं?' असं विचारून त्यांना भांडू दिलं असतं, तर ती त्यांची झाली असती. हे आता पहिल्याच आठवड्यात करायचं ठरलं आहे.

देशी पुस्तक संदर्भ यादीत ढकलणंही मला पटत नाही. मुलं ते वापरतातच, मग ते कशासाठी चांगलं आहे हे उघडपणे सांगावं: हात बसण्यासाठी. यावर ज्येष्ठ सर आणि मी एका बाजूला आहोत, बाकीचे अजून नाहीत.

आणि एका गटाचं मत आम्हाला मिळालंच नाही. कागद वर्गात भरून घेतले, म्हणजे वर्गात येणाऱ्यांचेच. या पेपरला एटीकेटी लागलेली मुलं पुढच्या वर्षाच्या तासांना बसतात, या तासाला येत नाहीत. पुस्तकाने ज्यांचं सर्वांत जास्त नुकसान केलं असेल, किंवा ज्यांनी ते हातातही धरलं नसेल, ती हीच. ती कॉलेजात हमखास भेटतात एकाच ठिकाणी, परीक्षा अर्जाच्या खिडकीशी. यंदा तीन प्रश्नांचे कोरे कागद तिथे ठेवायचे म्हणून मॅडमनी परीक्षा विभागाला पत्र दिलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.